एक बर्थ, एकच धनी

आदिलाबाद हे रेल्वेच्या नकाशावरील काही मोठे जंक्शन नव्हे. मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट अशी गावे घेत आलेला लोहमार्ग येथे पोचतो आणि पुढे पैनगंगा ओलांडून विदर्भात शिरतो. स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात मोडते. तथापि संगणकशास्त्रातील एक अत्यंत कठीण प्रश्न समजून घ्यावयाचा असेल, तर या लहानशा स्थानकावरील आरक्षणाच्या खिडकीपाशी घटकाभर उभे राहणे पुरेसे आहे.

जैनद भागातील कापूस पिकविणारा एखादा शेतकरी त्या खिडकीशी आला आहे, असे समजावे. आजारी आईला मुंबईच्या रुग्णालयात दाखवावयाचे आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख ठरलेली आहे. नंदिग्राम एक्स्प्रेसने नांदेड, परभणी, मनमाडवरून रात्रभराचा प्रवास आहे, आणि आईचे गुडघे धरलेले असल्यामुळे तिला खालचाच बर्थ हवा. गाडीत खालचा एकच बर्थ उरला आहे. नेमक्या त्याच क्षणी नांदेडच्या खिडकीवर दुसरा प्रवासी तोच बर्थ मागतो, आणि मुंबईत कोणी तिसरा आपल्या गावाकडील वडिलांसाठी घरबसल्या मोबाइलवर त्याच बर्थवर बोट ठेवतो. तिघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नाही. तिघांची निकड खरी आहे. बर्थ मात्र एक आहे.

या प्रसंगी आरक्षणाच्या यंत्रणेकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. पहिली ही की, तो बर्थ तिघांपैकी कोणा तरी एकालाच मिळावा आणि उरलेल्या दोघांना तत्काळ खरे उत्तर कळावे. दुसरी ही की, खिडकी बंद असू नये. 'यंत्र चालत नाही, उद्या या' असे सांगण्याची पाळी येऊ नये. पहिल्या गुणाला सुसंगती म्हणतात व दुसऱ्याला अखंड उपलब्धता. वरवर पाहता हे दोन्ही गुण सख्ख्या भावंडांसारखे वाटतात. वस्तुतः त्यांच्यात ओढाताण आहे, आणि ती ओढाताण कशी मिटवावी हाच गेल्या अर्धशतकातील संगणकविद्येचा एक मोठा उद्योग आहे.

संगणक येण्यापूर्वी हा प्रश्न नव्हता असे नाही. तो दुसऱ्या रीतीने सोडविलेला होता. गाडीची आणि तारखेची एक वही असे आणि ती एका कारकुनाच्या हाती असे. वही एक, लेखणी एक, तेव्हा एका बर्थवर दोन नावे चढण्याचा संभव थोडा. वाटेतील स्थानकांना ठरावीक बर्थांचा वाटा, म्हणजे कोटा, तोडून दिलेला असे. त्या वाट्यापुरता तेथील कारकून स्वतंत्र होता. परतीच्या प्रवासाचे आरक्षण हवे असेल तर दुसऱ्या स्थानकाला तार करावी लागे आणि उत्तराची वाट पाहावी लागे. या पद्धतीत गोंधळ कमी होता, परंतु त्याची किंमत प्रवासी भरत असे. एका स्थानकाच्या वाट्याचे बर्थ रिकामे जात आणि दुसऱ्या स्थानकावर लोक रांगेतून निराश परतत. वाटणी केली म्हणजे भांडण टळते, पण वाटणीत सगळ्यांच्या उपयोगाची वस्तूही पडून राहते, हा अनुभव शेतीवाडीतल्या लोकांना निराळा सांगावयास नको.

१९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत रेल्वेचे संगणकीय आरक्षण सुरू झाले. रेल्वेच्या एकूण संगणकीय कामांसाठी १९८६ मध्ये रेल्वे माहिती प्रणाली केंद्र स्थापन झाले. 'क्रिस' या आद्याक्षरांच्या नावाने ते ओळखले जाते. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच केंद्रे उभी राहिली. या पाच केंद्रांना एकमेकांशी बोलावयास लावणारी 'कॉन्सर्ट' नावाची प्रणाली १९९४ मध्ये प्रथम सिकंदराबाद येथे आली आणि १९९९ च्या एप्रिलात पाचही केंद्रे एका जाळ्यात जोडली गेली. २००२ मध्ये घरबसल्या तिकीट काढण्याची सोय झाली. देशातील कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचे आसन मिळू लागले. म्हणजेच, पूर्वी जी वही एका कारकुनाच्या हाती होती, ती आता हजारो हातांसमोर एकाच वेळी उघडी पडली.

वही जर एकाच संगणकात ठेवली, तर तो संगणक बंद पडताच देशभरच्या खिडक्या बंद पडणार. यंत्र कधी ना कधी बिघडतेच. म्हणून प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी अनेक संगणकांचा समूह ठेवतात. एक संगणक शंभर तासांत एक तास बंद राहत असेल, तर तसे दोन संगणक एकाच वेळी बंद असण्याचा संभव दहा हजार तासांत एक तास इतका उतरतो. गणित मोठे लोभस आहे, परंतु त्यात एक अट दडलेली आहे: दोघांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. दोन्ही यंत्रे एकाच विजेच्या तारेवर असतील, एकाच वातानुकूलन यंत्राच्या भरवशावर असतील, किंवा दोघांत चालणाऱ्या प्रणालीत तीच एक चूक असेल, तर दोन असूनही ती एकच होत. एकाच विहिरीवर दोन मोटा बसविल्या म्हणून विहीर आटावयाची राहत नाही.

उपलब्धतेचे माप टक्क्यांत सांगण्याची रीत आहे. ९९.९ टक्के म्हणजे ऐकावयास जवळजवळ पूर्ण; तरी वर्षात सुमारे पावणेनऊ तास यंत्रणा बंद राहिली असा त्याचा अर्थ. ९९.९९९ टक्के म्हटले म्हणजे वर्षात सव्वापाच मिनिटांहून थोडा अधिक वेळ. या दोन आकड्यांमधील अंतर कागदावर दोन नवांचे आहे. प्रत्यक्षात ते दुप्पट यंत्रे, निराळे वीजमार्ग, रात्रपाळीची माणसे आणि पुष्कळ पैसा यांचे आहे.

आता समूहातील दोन संगणक एकाच वहीवर काम करू लागले की जुने संकट नव्या रूपाने उभे राहते. पहिला संगणक वहीत पाहतो: खालचा बर्थ रिकामा. दुसराही त्याच पळी पाहतो: बर्थ रिकामा. पहिला आदिलाबादच्या शेतकऱ्याच्या आईचे नाव लिहितो. दुसरा त्यावर नांदेडच्या प्रवाशाचे नाव लिहितो. दोघांनीही चूक केलेली नाही. दोघांनी पाहिले तेव्हा बर्थ रिकामाच होता. तरी एक नाव पुसले गेले आणि तिकिटे मात्र दोन छापली गेली. हा दोष सेकंदाच्या लहानशा अंशात घडतो. म्हणूनच तो तपासणीत सापडत नाही आणि गर्दीच्या दिवशी हमखास वर येतो.

यावर उपाय कुलपाचा. जो संगणक बर्थाची नोंद पाहून तिच्यावर लिहिणार, त्याने प्रथम त्या नोंदीला कुलूप लावावे, पाहावे, लिहावे, मग कुलूप काढावे. तोवर दुसऱ्याने थांबावे. अमेरिकेतील डिजिटल कंपनीने १९८३ मध्ये 'व्हॅक्स' संगणकांचे असे समूह बाजारात आणले. भारतीय रेल्वेच्या आरक्षणाचा भार याच घराण्यातील व्हॅक्स व त्यांच्यानंतरच्या अल्फा यंत्रांनी दीर्घकाळ वाहिला. या समूहात कुलपांचा कारभार कोणा एका यंत्राकडे नव्हता. तो सर्वांत वाटलेला होता. कुलपेही एकाच जातीची नव्हती. नुसते पाहावयाचे असेल तर सौम्य कुलूप, एकट्यानेच लिहावयाचे असेल तर कडक कुलूप, अशा सहा पायऱ्या होत्या. दहा जणांनी एकाच वेळी नोंद पाहिली तर बिघडत नाही. लिहिणारा आला की मात्र बाकीच्यांनी बाजूला व्हावयाचे.

पण कुलूप लावून लिहिता लिहिता तो संगणकच कोसळला तर? कुलूप तसेच राहील आणि बर्थ कोणालाच मिळणार नाही. नोंद अर्धी लिहिलेली असेल तर ती खरी धरावी की खोटी? यासाठी जुन्या व्यापाऱ्यांची रीतच यंत्राला शिकविली आहे. खतावणीत हात घालण्यापूर्वी रोजकीर्दीत लिहावे. काय करावयाचे ते आधी रोजनाम्यात पक्के नोंदवावयाचे आणि मगच मूळ वहीत फेरफार करावयाचा. संगणक मध्येच कोसळला तर त्याचे सोबती तो रोजनामा उघडतात. काम पूर्ण झाल्याची खूण असेल तर ते तडीस नेतात, नसेल तर अर्धे केलेले पुसून टाकतात. त्यानंतरच मेलेल्या सोबत्याची कुलपे मोकळी करतात. खिडकीवरच्या माणसाला एवढेच जाणवते की उत्तर यावयास या खेपेस थोडा अधिक वेळ लागला.

ही कथा नुसत्या समूहाचीच आहे असे नाही. आजच्या एका संगणकाच्या पोटातही अनेक गणनयंत्रे असतात, आणि प्रत्येकाजवळ मुख्य स्मृतीतील काही भागाची प्रत हाताशी ठेवलेली असते. तिला कॅश म्हणतात. मुख्य स्मृती दूरच्या कोठारासारखी आहे, कॅश ही खिशातल्या टिपणवहीसारखी. चार जणांच्या खिशात एकाच नोंदीची चार टिपणे असली आणि एकाने आपले टिपण बदलले, की बाकीची तीन शिळी होतात. यासाठी १९८४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून एक सुटसुटीत पद्धत मांडली गेली. तिच्यात प्रत्येक टिपणाच्या चारच अवस्था असतात: बदललेले, एकट्याकडेच असलेले, सर्वांत वाटलेले आणि रद्द. ज्याला लिहावयाचे असेल त्याने आधी इतरांची टिपणे रद्द करवावी. हा सारा संवाद सेकंदाच्या अब्जांशात मोजावा अशा वेगाने चालतो. शिवाय अनेक गणनयंत्रे एकत्र काम करीत असली, तरी एकाच क्रमाने एकामागून एक कामे झाल्यासारखा परिणाम दिसावा, या अपेक्षेची काटेकोर व्याख्या लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये केली.

महाराष्ट्राने या विद्येत निराळी वाटही चोखाळली आहे. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्यातील प्रत्येक गणनयंत्राची स्मृती स्वतःची होती. दुसऱ्याकडील माहिती हवी असेल तर निरोप पाठवून मागावयाची. सामाईक वहीच नाही, तेव्हा तिच्यावरून भांडणही नाही. स्थानकांच्या जुन्या कोट्याची आठवण व्हावी अशी ही रीत. हवामानासारखी अवजड गणिते करणाऱ्या अशा यंत्रसमूहांत मधला एखादा घटक बंद पडला, तर ठरावीक वेळाने जपून ठेवलेल्या अवस्थेपासून गणित पुन्हा सुरू करता येते. तेथे थोडा वेळ वाया जातो, परंतु खिडकीशी कोणी ताटकळत उभे नसते. आरक्षणाच्या कामाला ही मुभा नाही.

येथपर्यंत यंत्र मेले तर काय करावे याचा विचार झाला. याहून बिकट प्रसंग आहे तो यंत्र मेले आहे की नाही हेच न कळण्याचा. समूहातील संगणक एकमेकांना ठरावीक अंतराने 'मी आहे' असा निरोप देत असतात. निरोप थांबला म्हणजे सोबती मेला असे मानण्याकडे कल होतो. परंतु कदाचित तो धडधाकट असेल आणि दोघांमधील तार तेवढी तुटली असेल. त्याच्या बाजूने पाहिले तर निरोप याचाच थांबलेला आहे. दोघेही प्रामाणिक आहेत, दोघांनाही वाटते की आपण एकटे उरलो, आता कारभार आपणच पाहिला पाहिजे. मग एका वहीच्या दोन वह्या होतात आणि एका बर्थला दोन धनी मिळतात. एकाच देहावर दोन मस्तके उगवावीत, तसा हा प्रकार.

हा प्रकार यंत्रांतच घडतो असे नव्हे. अविभाजित आदिलाबाद जिल्ह्याच्या आणि चंद्रपूरच्या सीमेवर, डोंगरात, परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर अशी बारा-चौदा गावे आहेत. २०१६ मध्ये जिल्हे फोडले गेले तेव्हा त्यांची तेलंगणाकडील बाजू कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेली; महाराष्ट्राकडील बाजू जिवती तालुक्यात. दोन्ही राज्यांनी ती आपली मानली. वर्षानुवर्षे तेथील कुटुंबांकडे दोन शिधापत्रिका, दोन मतदार ओळखपत्रे आणि गावात दोन राज्यांच्या शाळा अशी स्थिती राहिली. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूर आणि आदिलाबाद या दोन्ही मतदारसंघांचे मतदान ११ एप्रिल या एकाच दिवशी होते. २०२४ मध्ये चंद्रपूरचे १९ एप्रिलला आणि आदिलाबादचे १३ मे रोजी झाले. एकच माणूस, एकच घर, आणि दोन याद्यांत दोन नावे. यात त्या गावकऱ्यांचा दोष काढता येणार नाही. दोन्ही दफ्तरे आपापल्या जागी नीटनेटकी होती. त्या दोहोंना एकमेकांशी पडताळून 'ही नोंद कोणाची' हे ठरविणारा निर्णय मात्र लोंबकळत राहिला. दोन धान्ये मिळाली असे बाहेरच्याला वाटते, परंतु कसलेल्या जमिनीचा पक्का पट्टा हाती नाही ही तेथल्या शेतकऱ्यांची तक्रार राहिली आहे. दोन नोंदी असणे म्हणजे दुप्पट हक्क असणे नव्हे. पुष्कळदा तो एकही हक्क पक्का नसण्याचा प्रकार असतो.

माणसांच्या व्यवहारात असा पेच अर्धशतक टिकू शकतो आणि माणसे त्यातून वाट काढीत जगतात. संगणकसमूहात तो अर्धा मिनिट टिकला तरी हजारो नोंदी नासतात. म्हणून तेथे ग्रामसभेचा आणि विधिमंडळाचा एक जुना नियम उचलला आहे: गणपूर्ती. समूहातील प्रत्येक यंत्राला मत असते. एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक मते एकत्र असतील तोच गट कारभार करील. उरलेल्या गटाने, तो कितीही निरोगी असला तरी, हात आवरून थांबावे. तीन मते असतील तर दोन हवीत, पाच असतील तर तीन हवीत. दोन गटांना एकाच वेळी निम्म्याहून अधिक मते असूच शकत नाहीत, म्हणून दोन मस्तके उगवूच शकत नाहीत. अंकगणितातील इतकी साधी गोष्ट, परंतु तिच्यावर सारी इमारत उभी आहे.

दोनच यंत्रे असतील तर मोठी पंचाईत होते. दोन मतांत निम्म्याहून अधिक म्हणजे दोन्ही मते. मग एक यंत्र पडले की दुसरेही थांबणार. जोडी ठेवून काय मिळविले? व्हॅक्स समूहाच्या कर्त्यांनी यावर तोड काढली. दोन्ही यंत्रांना पोचता येईल अशा एका तबकडीलाच त्यांनी तिसरे मत दिले. ती तबकडी काही गणित करीत नाही, बोलत नाही. जो तिच्यापर्यंत पोचतो त्याच्या पारड्यात तिचे मत पडते. दोन भावांच्या वादात गावातला अबोल वडीलधारा ज्याच्या ओसरीवर बसेल त्याची बाजू ठरावी, त्यातला हा प्रकार. वेगळ्या पडलेल्या यंत्राला पुन्हा संपर्क झाला आणि आपल्यावाचून समूह पुढे गेला आहे असे कळले, म्हणजे ते आपले म्हणणे पुढे रेटीत नाही. ते स्वतःला बंद करते आणि नवख्यासारखे पुन्हा समूहात प्रवेश मागते.

या नियमाचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. अखंड चालण्यासाठी बांधलेल्या यंत्रणेत, काही प्रसंगी चालू शकणाऱ्या यंत्रानेही थांबावे, अशी आज्ञा दिलेली आहे. जो थांबावयास तयार नाही त्याच्यावर विसंबता येत नाही. अमेरिकेतील एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये हाच विचार व्यापक रूपात मांडला आणि २००२ मध्ये सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी त्याची रीतसर सिद्धता दिली. यंत्रणेचे तुकडे एकमेकांपासून तुटले असतील त्या काळात, प्रत्येक तुकड्याने उत्तर द्यावे आणि प्रत्येक उत्तर बिनचूक असावे, या दोन्ही अपेक्षा एकत्र पुऱ्या होऊ शकत नाहीत. कितीही पैसा ओतला तरी नाहीत. तार तुटली की एक सोडावे लागते. कोणते सोडावयाचे हे मात्र माणसाने आधी ठरवून ठेवावयाचे असते.

ही निवड कामाकामाप्रमाणे बदलते. गाडी कोठवर आली हे सांगणारी पाटी अर्ध्या मिनिटाने शिळी असली तरी कोणाचे फारसे बिघडत नाही; तेथे काहीतरी उत्तर मिळणे महत्त्वाचे. बर्थाची नोंद क्षणभरही शिळी चालत नाही. म्हणून रेल्वेच्या जाळ्यात गाडीची वही ठरलेल्या केंद्राकडेच राहते आणि इतर केंद्रे आपल्या खिडकीवरील मागणी तिकडे पोचवितात. ते केंद्र ऐकू येत नसेल तर इतरांनी अंदाजाने बर्थ वाटावयाचे नाहीत. घरबसल्या तिकिटे देण्याची सोय दीर्घकाळ रोज रात्री पावणेबारापासून बारा वाजून वीस मिनिटांपर्यंत बंद ठेवण्यात येत आली आहे. दिवस पालटताना हिशेब मिटवून वही नीट लावण्यासाठी पस्तीस मिनिटे खिडकी उघडपणे बंद ठेवणे, हा चुकीच्या नोंदीपेक्षा बरा सौदा मानलेला आहे.

दोन निरनिराळ्या संस्थांच्या वह्या जुळवावयाच्या असतात तेव्हा तर अडचण आणखी वाढते. प्रवाशाने पैसे भरले, बँकेच्या वहीतून रक्कम वजा झाली, आणि तिकीट निघण्यापूर्वी दुवा तुटला, हा अनुभव पुष्कळांना आहे. अशा वेळी दोन्ही वह्यांनी आधी 'तयार आहोत' असे सांगावे आणि सर्व तयार असतील तरच पक्के करावे, अशी दोन टप्प्यांची रीत जिम ग्रे यांनी १९७८ च्या आपल्या टिपणांत विशद केली. ती शक्य नसेल तेथे मागाहून मेळ घालून रक्कम परत केली जाते. मेळ घालणारी माणसे व प्रणाली चोख असेल तर प्रवाशाचे पैसे बुडत नाहीत. परंतु ज्याच्या खिशात तेवढेच पैसे होते त्याचा प्रवास त्या दिवशी हुकतो, हेही विसरता येत नाही.

अलीकडच्या यंत्रणा एका नोंदीच्या तीन किंवा पाच प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवतात आणि बहुसंख्य प्रतींनी मान्य केल्यावरच ती पक्की समजतात. पाच प्रती असतील तर दोन नष्ट झाल्या तरी काम चालते. या एकमताची पद्धत लॅम्पोर्ट यांनी 'पॅक्सॉस' या नावाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. ती समजावयास अवघड, म्हणून ऑन्गारो आणि औस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये 'राफ्ट' ही सोपी रीत मांडली. लॅम्पोर्ट यांना २०१३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या सर्व पद्धतींचे सार मात्र जुनेच आहे. बहुमत मिळाल्यावाचून लिहू नये आणि लिहिलेले विसरू नये.

शेवटी एक गोष्ट यंत्रापलीकडची. दुसरे यंत्र ठेवले आहे एवढ्याने निर्धास्त होणे धोक्याचे. ज्या दुसऱ्या यंत्रावर कधी मुद्दाम कारभार सोपवून पाहिला नाही, ते ऐन वेळी उभे राहील याची खात्री कोणी द्यावी? म्हणून जाणते कारभारी गर्दी नसलेल्या वेळी आपल्या हाताने पहिले यंत्र बंद करतात आणि दुसरे कसे उठते ते पाहतात. घरात दिवा असून भागत नाही. त्यात तेल आहे की नाही ते वीज जाण्यापूर्वी पाहावे लागते.

आदिलाबादच्या खिडकीवरील त्या शेतकऱ्याला यातले काही ठाऊक नसते आणि असण्याचे कारणही नाही. त्याच्या विनंतीने सिकंदराबादेकडे धाव घेतली, कोठे तरी एक कुलूप लागले, एक रोजनामा लिहिला गेला, दोघा अनोळखी प्रवाशांना क्षणभर थांबविले गेले, कुलूप निघाले. खिडकीतून तिकीट बाहेर येते, त्यावर डब्याचा व बर्थाचा क्रमांक असतो. कदाचित या खेपेस तो बर्थ नांदेडच्या प्रवाशाला गेला असेल आणि शेतकऱ्याला प्रतीक्षायादीचा क्रमांक मिळाला असेल. तसे झाले तर त्याला दुःख होईल, पण त्याची फसवणूक होणार नाही. दुसरी गाडी, दुसरी तारीख पाहावयास त्याच्या हाती वेळ उरेल. मध्यरात्री परभणीच्या फलाटावर एकाच बर्थची दोन तिकिटे घेऊन दोन म्हाताऱ्या माणसांनी समोरासमोर उभे राहावे, हा प्रसंग टळावा, यासाठीच हा सारा खटाटोप आहे.